कुठे ठेवायचं, तेही सांग

९ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

सलाम. तू बंदरावर तुझ्या त्या उंच क्रेनमध्ये वारा खात बसला असशील. इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

फोन केला नाही, कारण फोन दादाच्या बैठकीच्या खोलीत आहे. दादा पेपरात डोकं घालून बसला तरी त्याचे कान बाहेरच असतात. पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आमच्या चर्चच्या महिला मंडळातली हातांची खुर्ची तुला आठवते का? बाकी कुठल्याच खुर्चीला हात नाहीत. त्या एकीला आहेत, आणि तीत अध्यक्षीणबाई बसतात. जुन्या अध्यक्षीणबाई मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि खुर्ची रिकामी झाली. तुला म्हणून सांगते, मला ती हवी होती. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना मला ती खुर्ची दिसायची. इतकी वर्षं बुधवारच्या सभेत शेवटची प्रार्थना कोण करतं? कोणाचं मूल तापलं, कोणाचा नवरा रुसून गेला, तर प्रार्थनेला कोणाला बोलावणं येतं? आणि खुर्ची मिळाली आपल्याच घरात, वहिनीला. पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितले, आणि तिच्यासाठी जरासे जास्त वर झाले.

तेव्हापासून आमच्याकडे डोळे मिटून भांडणं होतात. डोळे उघडे असताना आम्ही दोघी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतो. प्रार्थना सुरू झाली की वहिनी म्हणते, प्रभू, ज्या बहिणींना लांबलचक प्रार्थना करून वाहवा मिळवायची असते त्यांना नम्र कर. माझी पाळी आली की मी म्हणते, प्रभू, ज्यांना मान मिळालाय त्यांना तो पेलण्याची अक्कल दे. बायका मधेमधे 'होय प्रभू' म्हणतात, आणि कोण कोणाच्या बाजूची ते आवाजावरून कळतं. सगळं लेकी बोले सुने लागे. त्यात बिचाऱ्या देवाला मधे बसवलंय.

परवाच्या बुधवारी वहिनीने खुर्चीत बसून जाहीर केलं, यापुढे शेवटची प्रार्थना पाळीपाळीने होईल. वाचताना तिचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि ती तो बोटाने वर ढकलत होती. म्हणजे माझ्याकडे जे एक होतं तेही गेलं. त्या दिवशी पाळी माझीच होती. मी उभी राहिले. आपण म्हणतो ना, अमक्याला तुझ्यापुढे उचलून धरतो, तसं मी आजाऱ्यांना उचलून धरलं, प्रवासातल्यांना उचलून धरलं. मग वहिनीचं नाव आलं, आणि तोंडातून निघालं, 'प्रभू, माझ्या वहिनीला उचल.' पुढचं काही निघालंच नाही. सगळ्याजणी म्हणाल्या, आमेन. वहिनीही म्हणाली.

भाऊ, आई शेवटच्या आजारात रोज म्हणायची, 'प्रभू, उचल आता मला.' म्हणजे त्या शब्दाचा तो अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. जीभ घसरली असं मी स्वतःला सांगतेय. पण घसरली तीही उताराच्या बाजूलाच.

आणि काल सकाळी वहिनी जिन्यावरून पडली. माझे धुतलेले कपडे घेऊन वर माझ्या खोलीकडे येत होती. मी वरच्या पायरीशी उभी होते. तिचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. तसं फार काही नाही, मनगट सुजलंय आणि कानामागे टेंगूळ आलंय. ती हसत होती. मीच तिथे पायरीवर खाली बसले.

तू चार लोकांत वावरतोस. सांग, नुसत्या शब्दाने असं होतं का? मला भीती वाटते.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतका हसलो की शेजारच्याने पाणी पुढे केलं. अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तुझ्या प्रार्थनेत एवढं बळ असतं तर माझ्या गणिताच्या पेपराआधी तू तासभर गुडघे टेकले होतेस, तेव्हा मी आपटलो नसतो. आणि माझ्याकडे तर दिवसभर माणसं खालून 'उचल, उचल' ओरडतात. मी उचलतो. त्याने कोणी मरत नाही.

खुर्चीचं म्हणशील तर ती तुझीच. वहिनीला पुढे पुढे करायची हौस आल्या दिवसापासून आहे, आणि दादा तिच्यावर ताण. बाबांच्या अंत्यविधीला दोन शब्द कोण बोलणार यावरून त्याने मला कसं बाजूला सारलं, ते मी विसरलेलो नाही. थोरला म्हणून बोलायचा मक्ता त्याचा. माझे शब्द माझ्या घशात राहिले, ते अजून तिथेच आहेत. म्हणून तर मी तिकडे येत नाही.

तू मागे हटू नकोस. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. तुझ्या बाजूच्या चार बायका घे आणि पाळकसाहेबांना जाऊन भेट. म्हणावं, पुन्हा हात वर करायला लावा. आणि ते टेंगूळ दोन दिवसांत बसेल. माणसाच्या डोक्यावर टेंगूळ येण्यासाठी देवाला खाली यावं लागत नाही.

तुझी वहिनी, म्हणजे माझी बायको, सलाम सांगते. तिलाही वाचून दाखवलं, तीही हसली.

तुझा भाऊ


३ मार्च

प्रिय भाऊ,

तू हसलास ते बरं झालं. मला वाटलं होतं तुझं पत्र आलं की मीही हसेन. आलं तेव्हा हसलेही.

तू सांगितलंस तसं केलं. चार जणी घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, प्रार्थना करू या. आता काय सांगू तुला. महिन्याभरापूर्वी कोणी कुठेही बसत होतं. आता उपासनेला मधल्या वाटेच्या डावीकडच्या बाकांवर आमच्या, उजवीकडे त्यांच्या. एकाच घरातली सासू डावीकडे आणि सून उजवीकडे, आणि दोघींचं एकच गीतपुस्तक असल्याने एक जण मुकी बसते. हे मी सुरू केलं. तू टाळ्या वाजवल्यास, पण सुरू मीच केलं.

वहिनीचं मनगट बरं झालं. तिचं दुसरंच काहीतरी चाललंय. गेल्या आठवड्यात माझ्याकडे मीठ मागायचं होतं, तर तिला शब्दच सापडेना. 'ते पांढरं, ते, भाजीतलं,' असं करत राहिली आणि मग स्वतःवरच चिडली. चपला उलट्या पायांत घालून अंगणात गेली. डोकं दुखतं म्हणते. दादा म्हणतो, मंडळाचा ताण आहे, झोप पुरत नाही. आणि या बुधवारी ती प्रार्थनेला उभी राहिली, 'प्रभू' म्हणाली आणि थांबली. किती वेळ थांबली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. मागून कोणीतरी खुदकन हसलं. बाहेर आल्यावर आमच्या बायका म्हणाल्या, बघा, पेलत नाही हिला. आणि भाऊ, मला बरं वाटलं. जिन्यावर खाली बसले होते ती मीच, आणि हीही मीच.

आता जे झालं ते सांगते. काल दुकानात बेकरीवाली आली. तिला मी मंडळात नेहमी बघते, भली बाई आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाली. मी तिला खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावली. वाचता वाचता म्हणाली, 'ताई, तुमची प्रार्थना पोचली हं.' मी म्हटलं, कोणती? ती नुसती हसली. मग दाराकडे बघून अगदी हळू म्हणाली, 'माझ्या जावेचंही एकदा नाव घ्या ना. बाकी काही म्हणू नका. नुसतं नाव, तुमच्या तोंडून.'

माझ्या हातातली स्क्रूंची डबी सांडली. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून फरशीवरचे बारीक स्क्रू वेचत होतो, आणि ती काहीच घडलं नाही अशा आवाजात जावेच्या तब्येतीबद्दल बोलत होती. तिने थट्टा केली असेल असं मनाला समजावते. पण ती थट्टा नव्हती, मी तिचे डोळे अगदी जवळून पाहिले, तोच माझा धंदा आहे.

म्हणजे त्या बुधवारी मी काय म्हटलं ते सगळ्यांना कळलं होतं. कळूनच त्यांनी आमेन म्हटलं.

तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. जेवणाआधीचे दोन शब्दही म्हणत नाही, नुसती मान खाली घालते. ओठांवर 'वहिनीला बरं कर' आणावं, तर आतून कोण काय बोलेल याचा भरवसा नाही. आणि आतलं ऐकलं जातं, हे मला आता ठाऊक झालंय. वहिनी खाली भांडी लावते, त्याचा आवाज थांबला की मी जिन्याशी येऊन कान देते. पुन्हा भांडं वाजलं की जीव खाली बसतो.

एवढ्या वेळी हसू नकोस.

तुझी बहीण


१२ मार्च

प्रिय बहिणीस,

हसलो नाही. बायकोला वाचूनही दाखवलं नाही.

सगळ्यात आधी हे. पत्र हातात पडेल त्या क्षणी वहिनीला मोठ्या दवाखान्यात ने. दादाचं काही ऐकू नकोस. आमच्या इथे एका फिटरच्या डोक्याला असंच लागलं होतं. टेंगूळ बसलं, गडी कामावर आला, सगळ्यांशी हसला-बोलला. काही आठवड्यांनी त्याला पान्याचं नाव आठवेना. आत हळूहळू रक्त साठत होतं. वेळेवर नेलं म्हणून तो आज आहे. तुझं पत्र वाचताना मला त्याचा चेहरा दिसत होता.

मी तुला चढवलं. तू घाबरून लिहिलंस, आणि मला त्यात फक्त दादाची जिरतेय एवढंच दिसलं. मजा आली मला. तुझी खुर्ची हे माझं निमित्त होतं. मी इथे चर्चमध्येही जात नाही हे तुला सांगितलं नव्हतं. इथेही मला कोणीतरी कुठेतरी बोलू दिलं नाही, बस्स, तेवढं पुरलं. आपण भावंडं एकाच मापाची आहोत, तुझं रुसणं मंडळात दिसलं, माझं इथे लपून राहिलं एवढंच.

आता तुझ्या त्या शब्दाबद्दल. खालून कोणी नुसतं 'उचल' म्हटलं तर मी उचलतो, असं तुला लिहिलं होतं. ते खोटं आहे, थट्टेत लिहून गेलो. मी उचलत नाही. काय उचलायचं आणि कुठे ठेवायचं, दोन्ही सांगितल्याशिवाय माझा हात क्रेनच्या दांडीला लागत नाही. कारण एकदा माल हुकाला लागून हवेत गेला आणि ठेवायची जागा ठरलेली नसली, की त्याच्यासारखं भयंकर काही नाही. खालचे सगळे मान वर करून बघत राहतात आणि कोणाला हलता येत नाही. देव माझ्याहून कच्चा गडी नसावा. तुझं अर्धवट ऐकून त्याने दांडी ओढली असेल असं मला वाटत नाही.

पण मला दुसरंच काही सलतंय. आमच्याकडे अपघात झाला की आधी हूक बघतात, मग दोर, मग माणूस. प्रार्थनेचा विचार कोणी करत नाही. वहिनी पडली तेव्हा जिन्यावर उजेड होता का? पायात काय होतं? चष्मा डोळ्यांवर होता का? तू दोन्ही पत्रांत तिचा चष्मा घसरल्याचं लिहिलंस. पडण्याचं लिहिलंस तिथे मात्र चष्म्याचं नाव नाही. तू काही सांगायचं राहू देणारी बाई नव्हेस.

आधी दवाखाना. मग उत्तर लिही.

तुझा भाऊ


१६ मार्च

भाऊ,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. तुझं पत्र आज दुपारी घरी कपडे आणायला गेले तेव्हा दाराखाली सापडलं. वहिनीला त्याआधीच आणलंय. काल ती उपासनेला जायला निघाली, दाराची कडी लावता लावता तिचा उजवा हात लुळा पडला आणि ती खाली बसली. कोणाला ओळखत होती, कोणाला नाही. तुझ्या फिटरसारखंच आहे. डॉक्टर म्हणाले, रक्त बरेच दिवस साठतंय. हृदयासाठी ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते, त्यांचा असर उतरल्याशिवाय हात लावता येत नाही. तोवर तिने तग धरला तर येत्या सोमवारी कवटीला भोक पाडून रक्त काढतील. 'तोवर' हा शब्द डॉक्टर किती सहज म्हणाले.

काल संध्याकाळी सगळी मंडळी आली. इथेही दोन भिंतींना दोन गट. पाळकसाहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, 'ताई, तुम्ही करा प्रार्थना. तुमच्यासारखी कोणाला जमत नाही.' सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. समोर बेकरीवाली उभी होती, तिने एक डोळा किलकिला ठेवला होता, माझं तोंड बघायला. भाऊ, मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मग बाहेर निघून आले आणि जिन्याखाली उभी राहिले.

आता सगळे म्हणतात, मरायला टेकलेल्या भावजयीसाठी हिच्या तोंडून दोन शब्द निघाले नाहीत. उजवीकडच्या म्हणतात, हिनेच केलं हे. दादा नुसता बघतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर. उजेड होता. पायात नेहमीच्या चपला होत्या. चष्मा डोळ्यांवर होता, आणि त्याच्या डाव्या दांडीचा स्क्रू सैल होता. खुर्ची मिळण्याच्याही आधीपासून सैल होता. माझ्या पर्समध्ये कायम बारीक पेचकस असतो, तुला माहीत आहे. रस्त्यात अनोळखी माणसाचा चष्मा वाकडा दिसला तरी मी थांबवून घट्ट करून देते, लोक हसतात मला. तिचा नाही केला. ती त्या खुर्चीत बसून वाचायची, चष्मा घसरायचा, ओळ चुकायची, आणि मला ते बघायला आवडायचं. दर बुधवारी मी पर्स मांडीवर घेऊन बसायचे आणि बघायचे.

जिन्यावर तिच्या दोन्ही हातांत माझे कपडे होते. चष्मा नाकावर आला, वर ढकलायला हात रिकामा नव्हता. मी वरून बघितलं. तिने मान मागे टाकून चष्मा सावरायला बघितलं आणि पायरी चुकली.

मी इतके दिवस देवाला भ्यायले. देवाची भीती त्यातल्या त्यात सोपी होती रे. त्याने केलं असतं तर मी नुसता शब्द बोलले असते. तो चष्मा आत्ता दवाखान्याच्या पिशवीत माझ्या शेजारी आहे आणि मला त्याला हात लावायची हिंमत होत नाही.

सोमवारी सकाळी आहे.

तुझी बहीण


१९ मार्च

बडबडे,

तिकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. माझी सुट्टी मंजूर झाली. पाळी संपवून मी येतो. फोन केला नाही, कारण फोन दादा उचलेल आणि आम्ही दोघंही गप्प बसू, आणि बिल मात्र होईल.

प्रार्थना येत नसेल तर करू नकोस, कोणाच्या सांगण्यावरून तर मुळीच नको. पण चष्मा दुरुस्त कर. तेवढं तुला येतं.

आणि मी आलो की तू दवाखान्याच्या दाराशी उभी राहा. दादासमोर एकटा जायला मला भीती वाटते. हे मी कोणाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

भाऊ


३० एप्रिल

प्रिय भाऊ,

तू सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. दादाला तुझा सलाम सांगितला. तो 'बरं' म्हणाला आणि थोड्या वेळाने विचारलं, 'अजून काय लिहिलंय?' म्हणजे त्याला तुझं पत्र वाचायचं होतं. दवाखान्यात तुम्ही दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसला होता, आणि त्याने तुझ्यासाठी चहा आणला, तुझ्या आवडीचा, बिनसाखरेचा. त्याला आठवत होतं. तू तो गार होईपर्यंत हातात धरून बसलास. मी काचेतून बघत होते.

पण त्या सकाळी तू पोचण्याआधी आत जे झालं, ते तुला सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, आणि मला तोंडी जमलं नसतं.

नेण्याआधी थोडा वेळ आम्हा दोघींनाच आत ठेवलं होतं. तिचे केस काढले होते. चेहरा इतका लहान दिसत होता की मला आधी ओळखूच येईना. शब्द सापडत होते, पण सावकाश. मी पिशवीतून चष्मा काढला, पर्समधून पेचकस काढला, आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसून स्क्रू घट्ट केला. दोनदा पेचकस निसटला. ती बघत होती. झाल्यावर मी दांडी उघडून मिटून दाखवली, गिऱ्हाइकाला दाखवते तशी.

ती म्हणाली, 'एवढंच होतं?'

मी म्हटलं, 'एवढंच होतं.'

मग ती चष्म्याकडे बघत राहिली. मला वाटलं शब्द शोधतेय. तिला सापडले होते, ती नुसती ठरवत होती. म्हणाली, 'मला कळलं होतं त्या बुधवारी. म्हणूनच मी मोठ्याने आमेन म्हटलं. म्हटलं, बघू या देव हिचं ऐकतो का माझं.' आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'आता नीट म्हण गं. मला फार भीती वाटतेय.' इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली.

भाऊ, मला कोणाचीच एवढी भीती वाटली नव्हती जेवढी त्या वेळी माझ्या तोंडाची वाटली. पण तुझी क्रेन आठवली. काय उचलायचं ते आधी, मग कुठे ठेवायचं ते. मी तिचा हात धरला आणि डोळे उघडे ठेवून म्हटलं, 'प्रभू, ही माझी वहिनी. हिला इथून उचल, आणि हातांच्या खुर्चीत आणून ठेव. मला हवी आहे त्याच खुर्चीत. मधे लटकत ठेवू नकोस.' लांब नव्हती, अलंकारही नव्हते. आणि खोटं का सांगू, म्हणताना आत कोणीतरी अजून 'खुर्ची सोडून' म्हणत होतं. ते मला स्पष्ट ऐकू आलं. त्याच्यावर आवाज चढवून मी आमेन म्हटलं. तेवढ्यात तिला न्यायला आले.

पुढचं तू पाहिलंसच.

काल बुधवार होता. वहिनी पहिल्यांदा मंडळात आली. डोक्याला रुमाल, उजव्या पायात अजून जरा ओढ आहे. मी तिला हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि बसवलं, आणि बसवताना माझा हात त्या लाकडी हातावर राहिला तो मी मुद्दाम काढून घेतला. सगळं गोड झालं असं समजू नकोस. आमच्या चौघींपैकी दोघी येत नाहीत, मी फितूर झाले म्हणतात. सासू डावीकडे आणि सून उजवीकडे अजून तशाच. बेकरीवालीने चष्मा दुसऱ्या दुकानातून करून घेतला.

शेवटची प्रार्थना वहिनीने केली. सावकाश, एकेक शब्द चाचपत. आजाऱ्यांचं झालं, प्रवासातल्यांचं झालं, त्यात तू होतास. मग म्हणाली, 'प्रभू, माझ्या नणंदेला उचल.'

आणि थांबली.

पुढचा शब्द सापडला नाही, की तिने मुद्दाम सोडला, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. आमेन कोणीच म्हणेना. एरवी कशालाही आमेन म्हणणाऱ्या बायका, पण त्या खोलीत फक्त पंखा वाजत होता. मी डोळे उघडले. वहिनी माझ्याकडेच बघत होती, चष्म्यातून, आणि चष्मा जागेवर होता. तिच्या डोळ्यांत काय आहे ते मला वाचता आलं नाही, मी रोज लोकांचे डोळे तपासते तरी.

मी म्हटलं, 'आमेन.' एकटीनेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

घरी आल्यावर माझ्या खोलीकडे जिना चढताना मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. वहिनी खालच्या पायरीशी उभी राहून वर बघत होती. म्हणाली, 'सावकाश जा.'

तुझी बडबडी